उघडा म्हणजे दोन ठोके

आमच्या घरात केळीच्या खोलीसमोर बोलायची बंदी होती. देवासमोर आम्ही खुशाल भांडायचो, जेवताना तर बाजार भरायचा, पण परसातल्या त्या बिनखिडकीच्या खोलीसमोर आलं की लहानथोर सगळे मुकाट. सेलूहून केळझरकडे जाताना आमचं गाव लागतं. तिथे तेव्हा केळीच्या बागा होत्या. आता एकही नाही. बागेतून उतरवलेले हिरवे घड त्या खोलीत रचायचे, वरून केळीचीच पानं घालायची, कोपऱ्यातल्या मडक्यात गोवऱ्यांचा धूर करायचा आणि दार लोटून सगळ्या फटी शेणमातीने लिंपायच्या. याला भट्टी लावणं म्हणत. भट्टी कधी उघडायची हे घड्याळ पाहून ठरत नसे, कारण थंडीत वेगळं आणि उन्हाळ्यात वेगळं. ते ठरायचं मोठ्या आईच्या नाकावर. दारात एक भोक होतं, त्यात चिंधीचा बोळा कोंबलेला असे. मोठी आई बोळा काढायची, वाकून भोकाला नाक लावायची आणि डोळे मिटून उभी राहायची. बराच वेळ. मग बोटं मुडपून दारावर ठोकायची. दोन ठोके म्हणजे उघडा, एक ठोका म्हणजे नाही, अजून नाही. तोंडाने सांगायची नाही, कारण तिचं म्हणणं होतं, "तोंड उघडलं का वास पळते." एखाद्या पोराने मध्येच आवाज केला, तर तिचा पंजा येऊन त्याच्या तोंडावर बसायचा. त्या पंजाला गोवरीच्या धुराचा वास होता. तो पंजा मी लहानपणी किती वेळा खाल्ला याला गणती नाही, कारण घरात सगळ्यात वटवटी मीच होते.

मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. मोठे बाबा लवकर गेले, मूलबाळ नव्हतं, आणि तिने मला आपली मानून टाकली. माझी आई स्वभावाने भित्री आणि कामाला वाघ. मोठी आई बोलायला वाघ. केळीच्या खोलीसमोरची ती घटकाभर सोडली, तर दिवसभर तिची टकळी चालू असायची. गड्यांना, गाईला, चुलीला, चुलीवरच्या भाकरीला, सगळ्यांना ती काही ना काही सुनावत असे. भरडा-भात करायची तेव्हा मला पाट्यावर वाटण वाटायला बसवून स्वतः शेजारी गाणं म्हणत बसायची, आणि वर मला म्हणायची, "हात चालव वं, गाण्यानं वाटल्या जात नाई." दहावीनंतर बाबा मला घरी ठेवायच्या बेतात होते. मोठ्या आईने दोन दिवस जेवण सोडलं. तिसऱ्या दिवशी बाबा स्वतः मला घेऊन वर्ध्याला कॉलेजात नाव घालायला गेले. म्हणजे मी जी काही शहाणी झाले, ती तिच्या उपाशी पोटावर झाले. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना माझी बाजू घ्यावीशी कोणाला वाटायला नको.

वर्ध्यात मी शास्त्र शाखेला होते आणि दर शनिवारी संध्याकाळी उमाटे सरांच्या घरी जात असे. सर तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झाले होते. घरी ते आणि त्यांची पुस्तकं. ओसरीवर सतरंजी, चिवड्याचा डबा, काळा चहा, आणि सहा-सात पोरं. मुलगी मी एकटी, आणि त्याचा मला ताठा होता. त्या वर्षी आमचा विषय एकच चालला होता: मन म्हणजे काय, जाणीव कुठून येते, आणि ती आहे की नाही हे कळतं कशावरून. आमच्यातला शरद डॉक्टरकीला होता. तो म्हणायचा, "सर, जठराचं काम पचन, तसं मेंदूचं काम मन. वेगळं काही नाही." सर आत्मा-बित्मा मानत नसत, तरी शरदला सोडत नसत. "पचन मला बाहेरून मोजता येतं. पण माझी दाढ दुखते, हे तुला कशावरून कळतं?" शरद म्हणाला, "तुम्ही गाल धरता, कण्हता." सरांनी विचारलं, "आणि मी नाही कण्हलो तर?"  मी म्हटलं, "मग दुखत नाही असं धरून चालायला हरकत नाही." पोरं हसली, कोणीतरी टाळीसुद्धा वाजवली. सर चहाचा पेला खाली ठेवत म्हणाले, "हरकत कोणाला नाही? तुला की मला?" मला वाटलं, म्हातारा हरला म्हणून शब्दाला शब्द लावतो आहे. परतताना रस्ताभर मी ते माझं वाक्य मनात घोळवत होते. किती छान जमलं होतं!

त्याच थंडीत मोठ्या आईला लकवा झाला. केळीच्या खोलीसमोरच पडली, बोळा हातात. दवाखान्यात काही आठवडे काढून घरी आणली तेव्हा उजवी बाजू लुळी, वाचा गेलेली, डोळे उघडे पण आढ्याला लागलेले. हाक मारली तरी मान वळत नव्हती. पेज भरवली तर गिळायची, तेवढंच. आईने तिची बाज बैठकीत खिडकीशी टाकली आणि रोज सकाळी तिचे केस विंचरता विंचरता तिला गावची खबर द्यायचा परिपाठ सुरू केला. "बाई, सखूच्या बकरीले दोन पिल्लं झाली. एक पांढरं हाये, एक काळं." "बाई, आज अंबाडीची भाजी केली, तुमच्यासारखी नाई जमली." सखू म्हणजे आमच्याकडे केळीच्या कामाला येणारी बाई. तीही बाजेच्या पायाशी उकिडवी बसून आपली भर घालायची. माझी आई जन्मात कोणाशी चार वाक्यं धड बोलली नव्हती, ती आता घटका-घटका बोलू लागली. मी रविवारी घरी यायची तेव्हा हे सगळं पाहून मला चीड यायची. दुःख होतंच, नाही असं नाही, पण त्याच्यावर चीड चढून बसली होती. जी बाई दिवसभर बोलायची ती बोलत नाही, हे मला पाहवत नव्हतं, आणि पाहवत नाही असं म्हणायच्या ऐवजी मी म्हणत होते की तिथे पाहण्यासारखं कोणी उरलंच नाही.

शनिवारच्या बैठकीत मी हा विषय काढला. तो काढताना माझा गळा दाटून आला नव्हता, हे मला चांगलं आठवतं. नवं उदाहरण सापडलं म्हणून मी उत्साहात होते. म्हटलं, "सर, आमच्या घरी एक माणूस आहे, ते श्वास घेतं, गिळतं, डोळे उघडे ठेवतं, पण आत कोणी नाही. घर उभं आहे, राहणारा निघून गेला." सरांनी विचारलं, "कोण माणूस?" मी म्हटलं, "मोठी आई." सर एकदम सरळ बसले. "तुला कसं कळलं की आत कोणी नाही?" मी म्हटलं, "कशालाच प्रतिसाद नाही." शरद म्हणाला, "तपासून पाहायला हवं. प्रतिसाद म्हणजे नेमका कोणता, हे पाहावं लागेल." आणि मी, मीच, म्हणाले, "मग या ना रविवारी. जेवायलाच या सगळे." कोणाच्या लग्नाला बोलवावं तशी मी त्यांना माझ्या आजारी मोठ्या आईच्या बाजेपाशी बोलावलं.

रविवारी शरद, आणखी दोघं आणि सर असे बसने आले. आईला वाटलं कॉलेजचे मास्तर आपल्या घरी आले, केवढा मान! तिने पाटोडीचा रस्सा केला, ज्वारीच्या पातळ भाकरी, ठेचा, वर गोड म्हणून रव्याचा शिरा. चुलीपासून ती हलली नाही. सर बाबांसोबत बाग पाहायला गेले. बैठकीत आम्ही चौघं आणि मोठी आई. शरदने खिशातून बॅटरी काढून तिच्या डोळ्यांत मारली. बाहुल्या आकसल्या. "हे तर होणारच," तो म्हणाला. एकाने कानाशी टाळ्या वाजवल्या. पापणी हलली, तेही होणारच. मी तिच्या तोंडाशी वाकून मोठ्याने म्हटलं, "मोठी आई! मी कोण?" काही नाही. डोळे आढ्यालाच. शरद म्हणाला, वेदनेची चाचणी राहिली, पण त्याने काही सुई आणली नव्हती. तेव्हा मी माझ्या ओढणीची सेफ्टी पिन काढली. त्याने हात पुढे केला होता, पण मी त्याला दिली नाही. माझ्या घरचा प्रयोग, मीच करणार. तिच्या डाव्या तळपायाला मी ती टोचली. पाय किंचित मागे सरला. "बेडकाचाही सरतो," मी म्हटलं, "मेंदू काढून घेतल्यावरही." चेहरा बदलतो का पाहायला पुन्हा टोचली. चेहरा नाही बदलला. तिसऱ्यांदा मी जरा खोल टोचली, कारण पोरं पाहत होती. मग तिच्या डोक्यावरून, तिच्या अंगावरून, त्या तिघांकडे पाहत मी स्वच्छ आवाजात निकाल दिला, "इथे कोणी नाही."

दारात सर उभे होते. किती वेळ होते कोणास ठाऊक. "पुरे," एवढंच म्हणाले. मग चपला दाराबाहेर काढून आत आले, बाजेपाशी उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "ताई, न विचारता आम्ही तुमच्या उशाशी आलो. चूक झाली." शरदने माझ्याकडे पाहिलं, मी ओठ दाबून हसू आवरलं. जेवणं झाल्यावर बसपर्यंत सोडायला गेले तेव्हा मी सरांना टोचून विचारलंच, "सर, मघाशी तुम्ही कोणाशी बोललात? आत्मा तर तुम्ही मानत नाही." सर म्हणाले, "आत कोणी आहे की नाही, मला माहीत नाही. माहीत नाही म्हणूनच बोललो. तुझ्याइतकी खात्री असती तर मीही पिनच घेतली असती." बसमध्ये ते खिडकीकडे तोंड करून बसले, आणि मला वाटलं, वय झालं यांचं.

ही वटवट एवढ्यावरच थांबली असती तरी बरं होतं. पण मला शहाणपण घरातही पाजळायचं होतं. संध्याकाळच्या बसने निघण्याआधी आई भांडी घासत होती, तिच्यापाशी जाऊन मी म्हटलं, "आई, तू रोज भिंतीशी बोलून राह्यली. आम्ही आज तपासून पाह्यलं. तिथं कोणी नाई आता. शरद डॉक्टर होणार हाये, त्यानंही पाह्यलं." आईचे राखेने माखलेले हात थांबले. तिने विचारलं, "मंग पेज कोण गिळते वं?" मी म्हटलं, "ते आपोआप होते." तिने पुन्हा राख घेऊन भांडं घासायला घेतलं. मग म्हणाली, "तू शिकून राह्यली. तुले जास्त समजते." आईच्या तोंडून हे ऐकून मला बरं वाटलं. हे मी आज लिहिते आहे आणि हात थांबतो आहे. माझ्या आईने स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास सोडून माझ्यावर ठेवला, आणि मला बरं वाटलं.

त्या दिवसापासून आईने बोलणं थांबवलं. पेज भरवायची, अंग पुसायची, कूस बदलायची, सेवेत कसूर नाही, पण मुक्याने. केस विंचरायचे दोन-दोन दिवस राहू लागले. सखूही बाजेशी बसेनाशी झाली. पुढे पाहुणे यायचे होते म्हणून बाज बैठकीतून हलली आणि केळीच्या खोलीला लागून एक अडगळीची खोली होती, टोपल्या आणि दोरखंड ठेवायची, तिथे गेली. कोणी दुष्टपणाने नाही नेली. जिथे कोणी नाही त्याला खिडकी कशाला, एवढा साधा हिशेब होता, आणि तो मांडून दिला होता मी. मधल्या काळात तिच्या डाव्या तळपायाला जखम होऊन पिकली. साखरेचा त्रास तिला आधीपासून होता. आई मला सांगायची, "बाईच्या पायाले का लागलं काय माहीत. काटा गेला म्हणावं तं बाई बाजेवरून खाली उतरत नाई." आई रोज कोमट पाण्याने धुवून हळद भरायची. मला एका क्षणात कळलं होतं. मी म्हटलं, "अंथरुणावर पडून होतात अशा जखमा." शास्त्र शाखेची मुलगी होते ना मी, कारण सांगायला मला वेळ लागत नसे.

परवा माझी नात मोबाईल घेऊन आली. त्यात दोन विद्वान भांडत होते, मशीनला मन असतं की नाही, तिला खरंच काही वाटतं की ती नुसती उत्तरं देते. नात म्हणाली, "आजी, तू तर जन्मभर जीवशास्त्र शिकवलं, सांग ना." मी सांगितलं नाही. शाळेत बेडकाच्या पायाचा धडा आला की मी फळ्याकडे तोंड करून शिकवत असे, हेही तिला सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "ज्याला त्यातलं ठामपणे माहीत आहे असं वाटतं, त्याच्या हातात पिन देऊ नको." ती हसली. तिला वाटलं मी गंमत केली.

आता मुख्य सांगते. हे मी पाहिलं नाही, आईने आणि सखूने मला इतक्यांदा सांगितलं की पाहिल्यासारखं झालं आहे. मोठी आई पडल्यापासून भट्टीचं काम आईकडे आलं होतं आणि तिला ते साधत नव्हतं. एकदा लवकर उघडली तर केळी कच्ची, पुढच्या खेपेला उशीर झाला तर सालं काळी पडली. त्या दिवशी भर दुपारी दोघी भट्टीच्या दाराशी उभ्या होत्या. सखू म्हणत होती, "बाई, उघडून टाकू आता. मागच्यासारखं काळं पडन." आई म्हणत होती, "थांब ना वं, मले नाई कळून राह्यलं." बोळा काढलेला, धुराचा आणि पिकल्याचा वास अंगणभर, आणि दोघींची अशी वाद घालत बडबड चाललेली. तेवढ्यात शेजारच्या खोलीतून आवाज आला. टक. दोघी गप्प झाल्या. आई म्हणाली उंदीर असेल. पुन्हा बोलायला लागल्या तर पुन्हा, टक. सखू दारातून डोकावली. मोठ्या आईचा डावा हात, जो निपचितच असतो म्हणून आम्ही कोणी महिनाभर नीट पाहिलाही नव्हता, बाजेच्या लाकडावर होता. बोटं मुडपलेली. एक ठोका. अजून नाही.

आईने भट्टी उघडली नाही. बोळा परत लावला आणि मग दर थोड्या वेळाने तो काढून दोघी तोंड मिटून उभ्या राहिल्या. उन्हं उतरता उतरता बाजेवरून दोन ठोके आले. दाराचं लिंपण फोडलं. सखू सांगायची, अशी सोन्यासारखी केळी दोन वर्षांत उतरली नव्हती. आई केळी पाहायला थांबलीच नाही. ती मोठ्या आईच्या बाजेशी जाऊन जमिनीवर बसली आणि म्हणाली, "बाई, तुम्ही हायेत का?" दोन ठोके. "आम्ही बोलतो ते आयकू येते?" दोन ठोके. "पह्यल्यापासून?" दोन ठोके. आई तिथेच कपाळ बाजेला टेकून रडली.

मला रविवारी घरी आल्यावर कळलं. बाज पुन्हा बैठकीत खिडकीशी आलेली होती. आईचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता, सणासारखा. "ये वं ये, बोल मोठ्या आईशी! ठोक्यानं सांगते सगळं." मी दारातच उभी. हातात पिशवी तशीच. सांगायला लाज वाटते, पण आनंद पहिला झाला नाही. आधी भीती वाटली. ती बाई त्या दिवशी होती. बॅटरी मारली तेव्हा होती, टाळ्या वाजवल्या तेव्हा होती, माझी ओढणी सुटताना तिने पाहिली असेल. पिन टोचली त्या तिन्ही वेळा होती. आणि "इथे कोणी नाही" हे मी तिच्या अंगावरून म्हटलं, तेव्हा ते वाक्य आधी तिने ऐकलं आणि मग पोरांनी. आढ्याला लागलेल्या त्या डोळ्यांनी ती काय करत होती, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. भोकाला नाक लावून ती गप्प, निश्चल उभी राहायची, तेव्हा आम्ही सगळी पोरं जाणत होतो की आत्ता मोठी आई सगळ्यात जास्त जागी आहे. जगात आम्हालाच एवढं माहीत होतं, आणि आम्हीच चुकलो.

आईने मला हाताला धरून बाजेपाशी बसवलं आणि आपल्या नव्या सापडलेल्या भाषेत मोठ्या आईशी गप्पा सुरू केल्या. "बाई, बेबी आली, दिसली का?" बेबी मी. दोन ठोके. "केस विंचरू का?" दोन ठोके. आई विंचरायला बसली, आणि विंचरता विंचरता, अगदी सहज, तिच्या मनात महिनाभर अडकलेलं तिने विचारलं, "बाई, एक सांगा. तुमच्या पायाले काय लागलं होतं? कोणी काही केलं का? तुम्हाले माहीत हाये का?"

 मोठ्या आईचे डोळे आता थोडे वळत होते. ते आढ्यावरून खाली आले आणि माझ्यावर थांबले. फार वेळ थांबले. भट्टीच्या दाराशी ती थांबायची तेवढा वेळ. मग बाजेच्या लाकडावर आवाज झाला. टक. मी दुसऱ्या ठोक्याची वाट पाहत राहिले. आला नाही. नाही, माहीत नाही.

आई म्हणाली, "जाऊ द्या, बरं झालं ना आता," आणि तेल आणायला आत गेली. मी पायाशी सरकले. जखम भरून आली होती, मध्ये काळा ठिपका होता. त्यावर हात ठेवला आणि मला रडू फुटलं. आयुष्यभर जिने खरं ते तोंडावर सुनावलं, ती बाई एका ठोक्यात खोटं बोलली होती, आणि कोणासाठी, तर जिने तिला नाहीच असं ठरवलं तिच्यासाठी. सरांच्या ओसरीवर वर्षभर आम्ही पुरावा शोधत होतो. असा पुरावा मिळेल असं कोणालाच वाटलं नव्हतं, आणि मिळाला तेव्हा मला तो नको होता.

आई तेलाची वाटी घेऊन येताना दिसली तशी मी उठून मोठ्या आईच्या उशाशी आले. सांगून टाकायचं, आत्ताच, असं मनाने घेतलं होतं. "आई, ते पायाचं..." एवढं तोंडातून निघालंही. मी बाजेवर वाकलेली होते. मोठ्या आईचा डावा हात बाजेवरून उचलला गेला, थरथरत, किती कष्टाने ते मला दिसत होतं, आणि माझ्या तोंडावर येऊन बसला. अंग पुसून पुसून त्याचा धुराचा वास गेला होता, पण जागा तीच होती. आई हसली. म्हणाली, "पाह्य, अजूनही तुले गप्पच बसवते."

आणि मी गप्प बसले. शनिवारी सरांकडे गेले तेव्हा ठोक्यांची गोष्ट सांगितली, पोरांनी तासभर चर्चा केली, सरांनी फक्त एक विचारलं, "तू त्यांची माफी मागितलीस का?" मी हो म्हटलं. तेही खोटं. मोठी आई त्यानंतर चार वर्षं होती. त्या चार वर्षांत भट्टीची एक खेप वाया गेली नाही, आणि मी दर रविवारी तिचे केस विंचरले, गावभरची खबर दिली, तोंड दुखेपर्यंत बोलले. तेवढं एक सोडून. ती गेल्यावर तरी आईला सांगायचं होतं. आई आणखी पुष्कळ वर्षं जगली, शेवटी माझ्याकडेच होती, आणि सगळ्या नातलगांना कौतुकाने सांगायची की आमच्या बेबीने मोठ्या आईची फार सेवा केली. मी तिथेच बसलेली असायची. मोठ्या आईने तोंडावर हात ठेवला तो माझ्यासाठी ठेवला. तो हात कधीच खाली गेला होता, तरी मी गप्प राहिले, तेही माझ्यासाठीच. आई गेली त्या सकाळीही तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मी तोंड उघडलं नाही.